पाचवा गिअर

ओहायोतल्या ग्रीनव्हिल गावात वेंडेल ब्रुबेकरला ओळखत नाही असा दुकानदार नव्हता, आणि त्याला बघून आनंद होणारा दुकानदारही नव्हता. उभी हयात त्यानं काउंटीची वजनमापं तपासण्यात घालवली. कसायाचा काटा केसभर इकडे-तिकडे झाला, तर वेंडेल तो काटा सील करून शांतपणे पुढच्या दुकानात जाई. तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्या बाजारपेठेनं सुटकेचा निःश्वास टाकला. हळहळला तो फक्त जुन्या गाड्यांचा क्लब, कारण आता वेंडेल तिथं पूर्णवेळ परीक्षक झाला होता.

गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच असली पाहिजे, हा त्याचा धर्म. शनिवारी सगळे आपापल्या चकचकीत गाड्यांशेजारी खुर्च्या टाकून बसलेले असत, आणि वेंडेल दांडीला लावलेला आरसा घेऊन गाड्यांच्या पोटाखाली डोकावत फिरे. नॉर्ब हेमलगार्न हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या डॉजचेही गुण त्यानं बॅटरीच्या नव्या तारेवरून कापले होते. नॉर्ब त्यानंतर महिनाभर बोलला नाही.

वेंडेलची स्वतःची गाडी म्हणजे अडुसष्ट सालची गडद हिरवी पॉन्टिअ‍ॅक, लग्नाच्या आधी घेतलेली. तिच्यातला स्क्रूसुद्धा मूळचा. चार गिअर, दणदणीत इंजिन आणि भिंत ढकलावी तसा दाबावा लागणारा क्लच. गावातल्या गावात ती वाघिणीसारखी गुरगुरत जायची. पण मोठ्या हायवेला सत्तर मैलांचा वेग धरला की चौथ्याच्या पुढे गिअरच नसल्यानं इंजिन जे किंचाळायला लागे, ते थेट उतरेपर्यंत.

त्याची बायको अर्लीन या गाडीत बसताना कानात कापसाचे बोळे घालायची. पण बसायची. कधी कुरकूर नाही, तक्रार नाही. उलट लांबच्या प्रवासाला स्वतःची नवी गाडी असताना तीच म्हणायची, "तुझी काढ ना." वेंडेलला याचं फार अप्रूप होतं. क्लबातल्या इतर बायका नवऱ्याच्या गाडीला सवत म्हणत, आणि ही बिचारी बोळे घालून, तोंडानं काहीबाही पुटपुटत शेजारी बसते. एका हिवाळ्यात त्याचं मन भरून आलं. त्यानं ठरवलं, हिच्यासाठी गाडीला नवा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. त्याचा डावा गुडघा त्या क्लचनं केव्हाच खाल्ला होता, पण त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही, असं तो स्वतःला निक्षून सांगत होता.

एकट्यानं होणारं काम नव्हतं. तो नॉर्बकडे गेला.

"तुला पाचवा गिअर बसवायचाय," नॉर्ब म्हणाला. "तुला!"

"अर्लीनसाठी."

"माझी तार काळी निघाली म्हणून तू माझा गळा कापलास, वेंडेल."

"ती लालच असायला हवी होती."

"आणि आता तू गाडीच्या पोटाला करवत लावणार?"

"करवत नाही, ग्राइंडर. नवा बॉक्स वरून उंच आहे, गाडीच्या तळातल्या मधल्या बोगद्याचा पत्रा कापल्याशिवाय मावत नाही."

नॉर्ब बराच वेळ हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "येतो मी. कुणाला सांगणारही नाही. फक्त कापताना मला बघू दे."

आणि खरंच तो घडीची खुर्ची आणि प्रेट्झेलची पिशवी घेऊन हजर झाला. वेंडेलनं पत्र्यावर टेप चिकटवून रेघा मारल्या. पुन्हा मोजलं. पुन्हा मारल्या. ग्राइंडर उचलला आणि खाली ठेवला.

"थांब थांब, मी नीट बसतो," नॉर्ब म्हणाला. "हं, चालू दे."

ठिणग्या उडाल्या, पन्नास वर्षांचा रंग जळल्याचा वास गॅरेजभर पसरला. निघालेला पत्र्याचा तुकडा वेंडेलनं जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून फळीवर ठेवला.

"पुरणार आहेस की काय त्याला?" नॉर्बनं विचारलं.

बॉक्स पहिल्या खेपेला बसलाच नाही. इंजिनाच्या मागच्या तोंडाशी त्याची रेघ जुळेना, म्हणून सगळं पुन्हा खाली उतरवावं लागलं. पाठीवर झोपून वेंडेलच्या तोंडात तेल गेलं. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आखूड करून आणायला तो डेटनला गेला, तेव्हा तो घोंगडीत झाकून नेला. न जाणो, क्लबातलं कुणी भेटायचं. पण शेवटी सगळं बसलं. नवा क्लच तर असा की पाय नुसता ठेवावा. गिअरच्या दांड्यावर मात्र त्यानं जुनीच पांढरी मूठ बसवली. तिच्यावर चारच आकडे होते.

मे महिन्यात दोघं अर्लीनच्या धाकट्या बहिणीकडे, वेल्माकडे, लेक्सिंग्टनला निघाली. वेंडेल आतल्या आत फुलून गेला होता. डेटन मागे पडलं, हायवे लागला. अर्लीननं सवयीनं कापूस कानात घातला, समोर बघत बसली. वेंडेलनं दांडा अलगद पुढं सारला, आणि इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा खाली आला.

अर्लीन नेहमीच्या खड्या आवाजात बोलत होती. "वेल्माला आता ते घर झेपत नाही. ती आपल्याकडे येऊन राहील म्हणते, मागच्या खोलीत. कायमची. चालेल ना तुला?"

"कोण राहणार कायमची?" वेंडेल म्हणाला.

अर्लीन दचकली. तिनं एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्यातला. "गाडीला काय झालंय?"

"पाचवा गिअर बसवला," तो लाजत म्हणाला. "तुझ्यासाठी. आवाजाचा त्रास व्हायचा ना तुला."

"मी म्हटलं कधी?"

"कापूस घालायचीस की."

"कापूस कानात घालायची. तोंड मोकळं होतं माझं!" ती संतापली होती. "निदान विचारायचंस तरी मला!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात ज्या गोष्टीला वेंडेल तासभर प्रश्न विचारून, मापं काढून शेवटी नाही म्हणाला असता, ती गोष्ट अर्लीन हायवेवर विचारायची. तो ऐकू येत नसल्यानं मान डोलवायचा. झालं.

"म्हणजे तुझा भाऊ चार वर्षं आपल्या तळघरात राहिला, ते मी हो म्हटलं म्हणून?"

"लिमा गावाला जाताना. चांगली मोठी मान डोलावली होतीस."

"मला वाटलं तू भूक लागली का विचारतेस!"

"मागच्या अंगणातला अक्रोड पाडला, तो इंडियानापोलिसच्या वाटेवर."

वेंडेल मैलामागून मैल मनात हिशेब करत राहिला. गावातला एकेक काटा त्यानं तपासला होता, आणि घरचं पारडं इतकी वर्षं कुठं झुकतंय याचा त्याला पत्ता नव्हता. मग तो बोलायला लागला, तीही बोलायला लागली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती दोघं त्या गाडीत कडाकडा भांडली. सिनसिनाटी गेलं, नदीचा पूल गेला, केंटकी लागलं, तरी अक्रोडाचं संपेना.

वाटेत एका हॉटेलात दोघांनी मॅश केलेल्या बटाट्यांवर नूडल्स घेऊन खाल्ल्या. बाहेर येताना वेंडेलचा गुडघा आखडला होता, बसून बसून. लंगडणं त्यानं लपवलं, ते तिनं पाहिलं.

"किल्ली दे इकडं."

"तुला जमणार नाही. क्लच–" इथं तो थांबला. क्लच आता तिलाच काय, कुणालाही जमला असता.

अर्लीननं सीट पुढं ओढली, आरसा फिरवला, आणि पहिल्याच झटक्यात गाडी सफाईनं हायवेला लावली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि तिथंच थांबली. सत्तरचा वेग झाला, इंजिन किंचाळू लागलं.

"पाचवा टाक!" वेंडेल ओरडला.

ती गोड हसली. कानाला हात लावून म्हणाली, "काय? ऐकू येत नाही!" आणि मग वेल्माबद्दल काहीतरी बोलत राहिली. एकूण बरंच बोलली. त्यानं मान जागची हलू दिली नाही. लेक्सिंग्टन येईपर्यंत मानेला रग लागली.

पण वेल्माच्या घरी पोचल्यावर त्यानं तिचे जिने बघितले, गळणारं छत बघितलं, आणि जेवताना आपणहूनच म्हणाला, "आमच्याकडे एक खोली रिकामी आहे." अर्लीननं ताटातून डोकं वर केलं नाही. हे इतकं सोपं होतं हे इतक्या वर्षांत कळलं नाही, याचा तिला रागच आला असावा.

क्लबात त्यानं स्वतःच उभं राहून पाचव्या गिअरचं सांगितलं आणि परीक्षकपद सोडलं. सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर पार्किंगमध्ये मात्र एकेक जण येऊन, आजूबाजूला बघत, हळूच विचारू लागला, "पत्रा किती कापावा लागतो रे?" आता वेंडेलचं गॅरेज रिकामं नसतं.

वेल्मा पानगळीत राहायला आली. ती युकरच्या जोडीनं खेळायच्या डावात पत्ते लपवते, हे पहिल्याच आठवड्यात वेंडेलच्या ध्यानात आलं. तो तिचा जोडीदार असल्यामुळे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.