अंतरपाटाच्या पलीकडे

चामडी डबी उघडली की बुरशीचा वास येतो आणि चुलत बहिणीचं पिंपळगाव रेणुकाईतलं लग्न आठवतं. डबीतली काकांची जुनी लेन्स मी तेव्हा नव्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याला लावली होती. त्याच्या डोळा लावायच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकीवर एक बसल्या की फोकस झाला म्हणायचं. पण या लेन्सचा नेम खरोखर तिथेच लागतो की मागे, हे तपासायचं राहूनच गेलं होतं. मी नवरदेवाच्या खांद्यामागे उभा होतो. समोर अंतरपाटाआड नवरी, तिच्या पाठीशी तिचा मामा. तिचा चेहराच दिसेना, म्हणून कापडाच्या विणीवर फोकस धरला आणि अंदाजाने जरा मागे सरकवला. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तशी घामाने बोटं घसरू लागली. अंतरपाट सरला, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं ठीक दिसलं. पाठवणीआधी लॅपटॉपवर पाहिलं, तर नवरी पुसट आणि मामा लख्ख, डोळ्यांतल्या पाण्यासकट. मी लॅपटॉप मिटायच्या आत नवरी मागे येऊन उभी राहिलेली. तिने पडद्यावरच्या मामावर बोट ठेवलं. "मामा रडून राह्यल्ता, दादा? माझ्या मागं व्हता, मला दिसलाच न्हाई." ती लेन्स मी अजून दुरुस्तीला दिलेली नाही.