मैदानापलीकडे पोचलेला आवाज

“ये क्या है, माताजी?” गेटवरच्या जवानाने ताईच्या हातातली पुडी उघडून हुंगली.

“ज्येष्ठमध हाय. लेकीचा घसा बसलाय.”

“कौन सी लेकी?”

“रेणुका. आज परेडीत हुकूम देणार हाय ती.”

जवान ताठ झाला. “परेड कमांडर?” त्याने पुडी खिशात घातली. “पहुँचा दूँगा.”

रेणुका माझी भाची, सीमेवर पहारा देणाऱ्या दलात भरती झालेली. लातूर जिल्ह्यातल्या या केंद्रात तिचं प्रशिक्षण आज संपत होतं. इथे संचलनाची कमांडर आवाजावरून निवडतात. कवायत शिकवणारे उस्ताद मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात. जिचा हुकूम तिथवर स्वच्छ पोचतो, ती पुढे. रेणुकाचा पोचला. मग सराव करता करता घसा बसला. सकाळी आवाज फुटला नाही तर राखीव मुलगी तिची जागा घेणार होती. आदल्या दिवशी फोनवर हे सगळं तिने कुजबुजत सांगितलं.

आम्ही हदगावहून अंधारातच निघालो. नांदेडपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे लोह्याला चहा मिळतो. तिथली गरम भजी सोडू नका. अहमदपूर येईतो उजाडलं. दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनच तूर. संचलन पाहायला पैसे लागत नाहीत, खर्च काय तो डिझेलचा. ओळखपत्र न्या, टोपी न्या. मोबाइल गेटवर ठेवून घेतात.

वाटेत दाजी, म्हणजे रेणुकाचे वडील, एकच वाक्य बोलले. “घरात तर तिचा आवाज कधी ऐकू आला न्हाई.”

“तुमच्यापुढं कुणाला बोलू देता का तुम्ही?” ताई म्हणाली. दाजींनी काच खाली केली.

मैदानावर पालकांसाठी मांडव होता. बँड वाजला. तुकड्या आत आल्या. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच चालीच्या. पुढे एकटी चालणारी मुलगी आमची आहे की राखीव, ते ओळखता येईना. ताईने माझं मनगट धरलं.

“परेड…”

आवाज खरखरीत होता. मध्ये थोडी शांतता.

“…सावधान!”

तो मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. तिचाच होता.

दाजी उठून उभे राहिले. हात सरळ, टाचा जुळलेल्या. त्यांना पाहून आमची रांग उठली, मग मागची. ध्वनिक्षेपकावरून विनंती झाली, “अभिभावक कृपया बैठे रहें.”

“अहो, बसा,” ताई कुजबुजली.

“तिनं उभं केलंय. तिनंच बसवावं.”

“विश्राम!”

दाजी बसले. आजूबाजूचे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

मग तिरंग्यासमोर शपथ झाली. जमिनीवर, पाण्यावर, आकाशातून, जिथे पाठवाल तिथे जाईन. जीव गेला तरी. इतक्या मुली एका आवाजात हे म्हणत होत्या. 

संचलनानंतर रेणुका धावत आली. तिने आधी वडिलांना सॅल्यूट केला, मग पाया पडली.

“ज्येष्ठमध कामाला आलं बघ,” ताई म्हणाली.

“पुडी आत्ता मिळाली, आई.”

“मग आवाज कुठून आला?”

“उस्ताद म्हणाले, घसा सोड, पोटातून काढ.”

कँटीनमध्ये पुरीभाजी खाल्ली. रेणुकाला सुटी मिळाली होती, परतताना ती गाडीत झोपली. दाजींनी नांदेडपर्यंत गाणी लावू दिली नाहीत. विष्णुपुरी धरणाचं पाणी दाखवायला थांबू या का, असं मी विचारलं. “झोपू द्या पोरीला,” ते म्हणाले. मी खूप किल्ले आणि घाट पाहिले आहेत. आता कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर या मांडवातली उठून उभी राहिलेली रांग मी आधी सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाचा आवाज पूर्ण गेला होता. गावातली माणसं भेटायला आली. ती पाणी देत होती, आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दाजी उभे राहून देत होते.