उपड्या बादलीवरची लूॲन

माझ्या परसाच्या कुंपणापलीकडे एक पांढरी प्लास्टिकची बादली उपडी घातलेली असते. मूळची रंगाची, रंग कधीच संपला. कोल्बी आठ वर्षांचा होता तेव्हापासून संध्याकाळ झाली की त्याची आई, लूॲन पर्विस, त्या बादलीवर येऊन बसते, डाव्या हातात झेल घ्यायचा चामड्याचा जाड मोजा, मिट, चढवते आणि म्हणते, "टाक." समोरून पोरगा चेंडू टाकतो आणि मिटमध्ये थाडकन आवाज होतो. सुरुवातीला तो आवाज उशीवर चापट मारल्यासारखा यायचा. आता माझी कुत्री पलंगाखाली जाते.

लूॲन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. केसांवरच्या जाळीचा वळ कपाळावर घेऊनच घरी येते, आणि चुलीवर वाटाणे शिजत टाकून तशीच बादलीवर बसते. खरं तर ती जागा बापाची. आमच्या दक्षिण जॉर्जियात ज्याच्या घरी बेसबॉलचा चेंडू टाकणारं पोर, त्याच्या बापाच्या नशिबी बादली, हा रिवाजच आहे. पण तिच्या नवऱ्याच्या, रस्टीच्या नडगीवर पोराचा एक चेंडू बसला आणि गडी जो उठला तो परत बसला नाही. तेव्हापासून तो मागे उभा राहून सूचना देतो. लाकडाचा ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतो, आणि असतो तेव्हा नसलेलाच बरा. मला त्याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

मी हॉइट टिलरी. शेंगांच्या गिरणीत नोकरी केली आणि शनिवारी-रविवारी पंच म्हणून उभा राहिलो. हजारो पोरं टाकताना पाहिली. कोल्बीसारखा हात एखादाच. शाळेच्या फुटबॉल कोचलासुद्धा तो हवा होता, आमच्या फुटबॉलातही चेंडू हातानेच फेकतात, आणि आमच्याकडे फुटबॉलला नाही म्हणणं म्हणजे देवळात शीळ घालण्यासारखं. पण रस्टी म्हणाला, हात जपायचाय. मोठ्या कॉलेजचा माणूस दोन वर्षांपूर्वीच येऊन याला आम्ही घेऊ असा शब्द देऊन गेला होता. नुसता शब्द, कागद नाही. शब्द देणारे कॉलेजवाले आणि पावसाचा अंदाज सांगणारे, दोघांनाही कुणी जाब विचारत नाही.

त्याच वर्षी लूॲनला ताप आला. सामन्याआधी कोल्बीचा हात मोकळा करायला तीच मैदानावरच्या खेळाडूंच्या शेडमागे बसायची, त्या दिवशी संघातला पोरगा बसला. कोल्बीने त्या सामन्यात जे दिवे लावले ते आठवून गाव अजून कण्हतं. पुढच्या सामन्याला आई आली, तो जिंकला, आणि मग जिंकतच राहिला. झालं. आमच्याकडे जिंकणारा माणूस मोजेसुद्धा धूत नाही, मग आई कोण बदलणार? न्हावी तिला दुकानातून हाक मारून सांगायचा, बाई, थंडीत फिरू नकोस. चर्चमध्ये पाद्रीबाबा आजाऱ्यांनंतर तिच्या हातांसाठी प्रार्थना करायचे. तिची बहीण पेन्साकोलाला बाळंत झाली तेव्हा मोसम चालू होता, म्हणून लूॲन गेली नाही. ते बाळ आता चालतं. तिने त्याला फोटोतच पाहिलंय.

या फेब्रुवारीत एक चेंडू मिटच्या कडेला लागून तिच्या उजव्या डोळ्याखाली आदळला. पोरगा धावत आला. तिने गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी गालाला लावली, हसली, आणि म्हणाली, टाक. शाळेत सांगितलं कपाटाचं दार लागलं. पण दोन आठवड्यांनी मी कुंपणाशी घेवड्याला काठ्या लावत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मिस्टर हॉइट, मला व्हॅल्डोस्टाला सोडाल? डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रस्टी ट्रकवर आहे."

डॉक्टर तरुण होता, पण बोलला स्पष्ट. डोळ्यामागचा पडदा फाटलाय, शिवल्यासारखा केलाय, पण आता पुन्हा मार नको. तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क लावून बसले तर, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मास्कवर बसलेला धक्कासुद्धा पुरे आहे, डोळा जाईल.  येताना गाडीत ती म्हणाली, चेंडू शेवटच्या दोन हात अंतरात दिसतच नाही, नुसता आवाज येतो.

"मग सोड ना बाई," मी म्हणालो. "मी बसतो तुझ्या जागी."

"तुमचे हात चहाचा कप धरताना थरथरतात," ती म्हणाली. "आणि मी उठले आणि तो हरला तर? रस्टी म्हणतो, कागद येईपर्यंत काढ कसंतरी. पोराला कळता कामा नये. कळलं तर तो जोरात टाकायचाच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पंच होतात. पंच मैदानातलं घरी जाऊन बोलत नाही."

मी शब्द दिला आणि अडकलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज संध्याकाळी मी घरात बसून ते थाड ऐकायचो आणि दोन आवाजांच्या मधल्या वेळात माझा घास तोंडातच राहायचा.

पण एक नवल मी पंचाच्या डोळ्याने टिपलं. त्या वसंतात कोल्बीचा नेम अचानक भलताच बसला. लूॲन मिट छातीसमोर धरायची आणि हलवायचीच नाही. हलवून उपयोग काय, दिसत तर नव्हतं. आणि चेंडू बरोबर तिथेच यायचा, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. सामन्यातही तेच. वर्तमानपत्रवाला येऊन पोराला विचारून गेला, या वयात हा नेम आला कुठून? पोराने खांदे उडवले. रस्टी पुढे होऊन म्हणाला, आमच्या घराण्यातच आहे.

एका शुक्रवारी कॉलेजचा कोच व्हिटफील्ड वेग मोजायचं यंत्र घेऊन आला. सामना त्याला बघायचा होताच, पण त्याआधी त्याला आई बघायची होती, त्याने तिच्याबद्दल ऐकलं होतं. शेडमागे पंधरा-वीस माणसं जमली. मीही गेलो. घरी बसवलं नाही.

पोराने टाकायला सुरुवात केली. थाड, थाड, मिट जागचा हलत नव्हता. कोच खूश दिसेना. त्याने यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, पोरा, तू हात राखून टाकतोयस. आता तो खाली वळणारा टाक, पूर्ण ताकदीने, आईच्या पायांपुढे मातीत. मला तो उसळलेला बघायचाय.

मातीत पडून उसळलेला चेंडू कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कोल्बी हातात चेंडू घेऊन उभाच राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. नेम घराण्यातून आला नव्हता. पोराला सगळं ठाऊक होतं.

"टाक रे," रस्टी मागून म्हणाला.

लूॲनने मिट खाली, बुटांजवळ धरला. "टाक, कोल्बी."

त्याने हात मागे नेला आणि असा टाकला की मला वाऱ्याची शीळ ऐकू आली. चेंडू लूॲनच्या डोक्यावरून, शेडच्या पत्र्यावरून, थेट गाड्यांच्या रांगेत गेला. कुणाच्या तरी गाडीचा गजर बोंबलायला लागला. मला, खरं सांगतो, आनंद झाला. वाटलं, सुटली बाई. गेलं कॉलेज खड्ड्यात, डोळा वाचला.

कोच यंत्राकडे बघत राहिला. मग ते त्याने रस्टीसमोर धरलं.

"ताशी पंच्याण्णव मैल," तो म्हणाला. "नेम आम्ही शिकवतो. हा जोर कुणाला शिकवता येत नाही." त्याने टोपी काढली आणि लूॲनसमोर वाकला. "मॅम, तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही, पण ते बंद करू नका. कागद पाठवतो. जूनपर्यंत मी येत राहीन. तोवर काही म्हणजे काही बदलायचं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने लूॲनला मिठी मारली. रस्टी रडत होता, आणि ते रडणं खरं होतं हे मला मान्य करावं लागेल.

सामना ते जिंकले. माणसं पांगल्यावर मी तिची बादली उचलून द्यायला गेलो, तर मायलेक नळाशी होते. पोरगा मानेवर पाणी घेत होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"तू माझ्या ग्लासात दूध ओतलंस आणि ते टेबलावर पडलं, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर तू उठली असतीस. आणि मी हरलो असतो तर सगळे तुलाच बोलले असते, मॅमा. ताप आला होता तेव्हाही तुलाच बोलले." त्याने नळ बंद केला. "आज वाटलं, एकच वाईट टाकतो. एकदम वाईट. म्हणजे तो माणूस निघून जाईल."

लूॲनने त्याची मान आपल्या ॲप्रनने पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"तुला वाईटसुद्धा टाकता येत नाही रे," ती म्हणाली.

मला शब्द मोडायचा होता. पण सांगणार कुणाला? ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ऐकायचं नव्हतं. मी बादली त्यांच्या गाडीत ठेवली आणि घरी आलो.

सोमवारी संध्याकाळी कुंपणापलीकडे पुन्हा आवाज सुरू झाला. कुत्री पलंगाखाली गेली. मी पायरीवर जाऊन बसलो, कारण आता घरात बसून ऐकवत नाही. टाकणं पूर्वीसारखंच चाललंय, फक्त एक गोष्ट नवी आहे. प्रत्येक फेकीनंतर पोरगा हात खाली सोडतो आणि विचारतो, "मॅमा?"

आणि ती म्हणते, "आहे. टाक."