दत्तूकाकांनी न सोडवलेलं पान

दुकान बंद करण्याआधी दत्तूकाका दिवसभर जुळवलेलं पान सोडवायचे. छापून झालेले अक्षरांचे शिशाचे खिळे घासलेटने पुसायचे आणि एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. कंबर कितीही दुखो. उद्याच्या कवितेला तीच अक्षरं लागायची, कारण खिळे होतेच तेवढे. "अक्षरं घरी गेल्याशिवाय मी घरी जात नाही," म्हणायचे.

नई सडकेवर कपड्यांच्या दोन दुकानांमध्ये दबलेला त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं केव्हाच दुसरीकडे गेली होती. उरलो होतो आम्ही, हाताने छापलेलं छोटंसं पुस्तक हवं असणारे कवी, मराठी आणि हिंदी दोन्ही. "आधी लोक छापायला यायचे, आता फोटो काढायला येतात," काका कंटाळून म्हणायचे. आणि फोटोसाठी निमूट उभेही राहायचे.

पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगून टाकलं, की आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, बाबा धान्यमंडीत पल्लेदार आहेत, पोती वाहतात, आणि त्यांच्यावरची कविता पुस्तकात शेवटी हवी. कुणी विचारलं नव्हतं. पण मला ते सांगायला आवडतं. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बरं, ग्रॅज्युएट. ओळी किती?"

तेव्हापासून माझं नाव ग्रॅज्युएट.

त्यांच्या मुलाने दिवाळीनंतर दुकान रिकामं करायचं ठरवलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. काका अठ्ठ्याहत्तरचे, हात कापायचा. चोवीस कविता व्हायच्या होत्या. सुरुवातीला दिवसाला एक होई. पुढे पुढे एका कवितेला दोन दिवस, मग तीन. मी गोरखीतली शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. मुलांच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर, डोळ्यांत झोप. ते उभे राहून जुळवायचे, मी बसल्या बसल्या थकायची.

शेवटची कविता तेवढी उरली. सगळ्यात लांब. जुळवलेलं पान यंत्राकडे नेताना काकांचा हात लटपटला आणि अख्खी कविता फरशीवर सांडली. काही खिळे कपाटाखाली गेले.

"काका, राहू द्या. एवढी एक कंप्यूटरवर करून घेते."

"कर ना, खुशाल कर! मग तेवीस माझ्याकडून कशाला करवल्यास?" असं म्हणून ते फरशीवर बसले आणि एकेक खिळा उचलू लागले. मीही बसले.

घरी येऊन मी कवितेतल्या नऊ ओळी कापल्या. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाबांच्या ओळी. चांगल्या होत्या, पण काकांचे दोन दिवस वाचणार होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पाहिला. "वो फळीवाला हिस्सा कुठे गेला?"

"नसला तरी चालतं, काका. तुमचा हात..."

"मी थकलो म्हणून तुझ्या बापाने आखूड व्हायचं होय? ये नहीं चलेगा."

कागद त्यांनी परत दिला. अख्खी कविता एकदा जुळवली होती, ती त्यांच्या बोटांना पाठ होती. चार दिवस लागले. या वेळी पान यंत्राकडे मी नेलं, ते मागून ओरडत होते, "सांभाळून! वडील आहेत तुझे!"

शेवटची प्रत निघाली. मी घासलेटची बाटली पुढे केली. काकांनी पानाभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारली आणि चप्पल शोधू लागले.

"सोडवायचं नाही?"

"कुणाला लागणारेत उद्या अक्षरं?" म्हणाले. "चल. पाय दुखतात."

दिवाळीच्या आधीच काका वारले. खिळे भंगारात निघाले, खणांसकट. ते बांधलेलं पान मात्र त्यांच्या मुलाने आमच्या घरी आणून दिलं. वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: ग्रॅज्युएटचे बाबा.

बाबांना वाचता येत नाही. मी ते पान त्यांच्या हातावर ठेवलं, सांगितलं, ही तुमच्यावरची कविता. त्यांनी ते जरा वरखाली करून तोललं. वजनाच्या बाबतीत मंडीत त्यांचा शब्द चालतो.

"अडीच किलो," म्हणाले. मग पुन्हा तोललं. "वर थोडं जास्तच."