आधी स्वतःवर

आमच्या कचेरीतला ऑपरेटर गावोगावच्या एक्सेल फायलींवरून रेशनकार्डांच्या नोंदी बदलतो. फाईल टाकली की तिच्या रकान्यांप्रमाणे क्वेरी, म्हणजे बदलाचा हुकूम, आपोआप तयार होते. तो हुकूम गावावर सोडण्याआधी हा माणूस स्वतःच्या नोंदीवर चालवून बघतो. म्हणतो, "उगं दुसऱ्याचं वाटोळं नको, साहेब."

त्यामुळे तालुक्याच्या नोंदी चोख आहेत आणि हा मात्र कागदोपत्री किनवटची शंभरी ओलांडलेली विधवा आहे. परवा मयतांची फाईल आली. तीही त्यानं नेमानं आधी स्वतःवर चालवली. आता त्याचं रेशन बंद आहे.

"अहो, स्वतःची नोंद दुरुस्त करा की!" मी वैतागून म्हणालो.

"त्याचीच क्वेरी करून राहिलो, साहेब. पण तीबी आधी कुण्या जित्या माणसावर तपासावी लागंल न्हाई का?" माझ्याकडे बघत तो अदबीनं म्हणाला, "तुमचा कार्ड नंबर काय हाय?"