बोटांच्या बेचक्यातला चिखल

डॉक्टरांनी "काम काय करता?" असं विचारलं, तर तुम्ही खरं उत्तर द्याल का? लगेच हो म्हणू नका. मीही तसंच म्हटलं असतं. कष्टाची लाज धरू नका, खरं बोलायला घाबरू नका, अशी पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत आणि महाडच्या बाजारात भर उन्हात उभं राहून वाटली आहेत. तरीही परक्या देशात, इस्पितळाच्या खाटेवर, जीव टांगणीला लागलेला असताना, मी खोटं बोललो.

आमचं घर पोलादपूर तालुक्यात, कापड्याजवळच्या एका वाडीत. वडील महाडच्या छापखान्यात कामाला होते. उरलेली पत्रकं ते घरी आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. त्यामुळे असेल, मला सगळ्या गोष्टी ठाम आणि मोठ्या अक्षरांत दिसतात. पुढे शिवथरच्या घळीत बसून मी आणि माझी बायको सुजाता, दोघांनी रामसेवेचं व्रत घेतलं आणि एका प्रचारक मंडळात दाखल झालो. तिथे माझं पहिलं पत्रक गाजलं ते पाद्यपूजेविरुद्ध. प्रवचनकाराचे पाय ताम्हनात घेऊन धुवायचे, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं, हे मला सहन होत नसे. पत्रकाचं नाव होतं "पाय नको, हात द्या". माझ्या पायाला कुणी हात लावायचा नाही, हा तेव्हापासूनचा माझा नेम.

मंडळानं आम्हाला चार महिन्यांसाठी मॉरिशसला पाठवायचं ठरवलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांना श्लोक आणि भाषा शिकवायची होती. निघायची तारीख आली ती आमच्या घरच्या भातशेतीच्या ऐन लावणीत. आमच्या घराची रीत अशी, की आषाढात गाव सोडणाऱ्यानं एक खाचर स्वतःच्या हातानं लावून जायचं, मग तो मुंबईच्या नोकरीवर परत जाणारा असो की आणखी कुठे. मी सलग चार दिवस गुडघाभर चिखलात उभा राहिलो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून सोलली, खाली लाल मांस दिसू लागलं.

आई म्हणाली, "तिथं मोजे घालू नको रे. पाय सुकं ठेव." मग सुजाताकडे वळून, "लक्ष ठेव गो ह्याच्याव. ह्यो पत्रकं लिवतो, पन कुनाचं आयकत नाय."

मॉरिशसच्या यजमानांच्या दारात बायका ताम्हन आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी तिथेच पंधरा मिनिटं बोललो. देवाच्या सेवकाचे पाय पुजू नका, त्याला कामाला लावा, असं काहीसं. सगळ्यांना ते फार आवडलं. पण आज कबूल करतो, बोलताना माझ्या मनात एक चोरटं समाधान होतं: बरं झालं, या स्वच्छ माणसांसमोर मोजे काढायची वेळ आली नाही. त्या दिवसापासून मोजे माझ्या पायात दिवसरात्र राहिले. सुजातानं दोनदा टोकलं, तेव्हा तिलाही मी नेमाचंच कारण सांगितलं.

आठवडाभरात ताप आला. पोटऱ्या अशा दुखायच्या की पांघरूणही जड वाटे. डोळे लाल झाले, मग पिवळट. लघवी जवळजवळ बंद झाली. इस्पितळात दाखल केल्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत नीट, सावकाश विचारलं: काम काय करता? गेल्या महिन्यात शेतात, चिखलात, जनावरांत वावरलात का? सुजाता तेव्हा खाली खिडकीशी कागद भरत होती. माझ्या उशाशी मला "गुरुजी" म्हणणारे यजमान उभे होते. मी म्हणालो, "नाही. मी धर्मप्रचारक आहे." मुद्दाम खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. त्या क्षणी मला तेच खरं वाटलं, आणि म्हणूनच आज त्याची जास्त भीती वाटते.

डॉक्टरांनी साध्या विषाणूचा ताप धरून उपचार सुरू केले. मोजे मी तिथेही नेमाचं कारण सांगून काढू दिले नाहीत. दोन दिवसांत मी आणखी खालावलो. मूत्रपिंडं काम सोडताहेत, कारण कळत नाही, असं त्यांनी सुजाताला सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली. मी डोळे मिटून रामाशी भांडलो. तुझंच काम करायला आलो होतो, मग हे काय? माझ्या चुका दाखव म्हणालो, आणि मनातल्या मनात खात्री होती की दाखवण्यासारखी चूक नाहीच.

त्याच दुपारी चादर बदलायला एक साठीची बाई आली. तिची पाळी खरं तर दुसऱ्या मजल्यावर होती, कुणाच्या तरी बदलीवर ती आमच्याकडे आली होती. सुजाताशी माझं बोलणं ऐकून ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मोजे काढ."

"नको, मावशी. माझ्या पायाला कुणी हात लावायचा नाही, असा माझा नेम आहे."

"नेम तुझा. वास माझ्या वॉर्डात," ती म्हणाली आणि मोजा ओढून काढला.

तिनं बोटं फाकवून पाहिलं आणि थांबली. "चिखल्या," ती म्हणाली. हा शब्द तिच्या आजीकडून तिच्यापर्यंत आला होता. समुद्र ओलांडून, उसाच्या शेतांतून. "शेतात होतास?"

"होतो."

"डॉक्टरला सांगितलं?"

मी नकारार्थी मान हलवली. मी ते सांगितलंच असेल असं धरून चाललेली सुजाता माझ्याकडे पाहतच राहिली.

"माझा भाऊ असाच पिवळा झाला होता," ती म्हणाली. "उसाच्या पाण्यात उभा असायचा. रजा घेतली तर काम जाईल म्हणून बोलला नाही. त्याला मुकादमाची भीती. तुला कुणाची?"

दुसरा मोजा मी स्वतःच काढला. मी सुजाताला म्हणालो, "डॉक्टरांना बोलाव." ते आले, यजमानही होते. सगळ्यांसमोर सांगितलं, "मी शेतकरी आहे. इथे येण्याआधी चार दिवस भाताच्या चिखलात होतो. पायाला जखमा आहेत." डॉक्टर माझ्यावर रागावले, आणि रागावतानाच औषध बदलायला सांगत होते. उंदरांच्या, गुरांच्या मुतानं बाटलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शिरणारा ताप, ज्याला आपल्याकडे लेप्टो म्हणतात, तोच निघाला. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दरम्यान मावशीनं कोमट पाण्याचं भांडं आणलं होतं. तिनं माझे दोन्ही पाय धुतले, एकेक बेचकं कापसानं टिपलं. मी अडवलं नाही. मारुतीरायाचं नाव घेत नुसता पडून राहिलो. रामानं चूक दाखवली होती, आणि ती दाखवायला त्यानं दुसऱ्या मजल्यावरून माणूस बोलावला, असं मी मानतो. तुम्ही योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. इतकं मात्र ठामपणे सांगतो: शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटत असे. त्या दुपारी कळलं, की आपण झाकून ठेवलेलं दुसऱ्याच्या हातात देणं, ही शरणागती जास्त अवघड आहे. पाद्यपूजेला माझा विरोध आजही तेवढाच आहे. पण नेमाआड लाज लपवणाऱ्या प्रचारकाला मी आता ओळखतो.

तीन दिवसांनी लघवी सुटली, तेव्हा सुजाता प्रसाद मिळाल्यासारखी हसली. फोनवर आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "देवाचं काम कराया गेलास, नि देवानं दिलेलं पाय झाकून ठेवलंस. आता तरी आयकशील का नाय?"

ऐकतो आहे. म्हणून या वेळी पत्रकात घोषणा नाही, एक विनंती आहे. लावणीच्या दिवसांत घरात कुणाला ताप आला, तर अंगावर काढू नका. पोलादपूरला किंवा महाडला दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा की हा माणूस चिखलात होता. आणि आज संध्याकाळी शेतातून जो कुणी घरी येईल, आई, बाप, सून, गडी, त्याला पाटावर बसवा. दिवा जवळ घ्या. तो नको म्हणेल, तरी त्याची बोटं फाकवून पाहा.