आर्डिसचं निळं पान

आर्डिस फोसम आमच्या शाळेच्या ऑफिसात बसायची. अमेरिकेच्या उत्तरेतल्या आमच्या लुंडबी गावाचा शाळा-जिल्हा म्हणजे विटांची एकच इमारत. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळे तिच्यातच, मागच्या अंगाला जिम. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला आर्डिसची काच. टेलिफोन, हजेरी, उशिरा आलेल्यांच्या चिठ्ठ्या, पाय भिजवून आलेल्यांसाठी कोरड्या मोज्यांचं खोकं आणि शाळाप्रमुखाची, म्हणजे सुपरिंटेंडंटची लहर, एवढं सगळं तिला सांभाळावं लागायचं.

बाई स्वप्नाळू होती. फोनवर बोलता बोलता ती खिडकीबाहेर बघत राहायची आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसायचा. शाळेच्या कुंपणापलीकडे आमची सपाट जमीन. ती संपते कुठे आणि आभाळ सुरू होतं कुठे, याचा पत्ता लागत नाही. मधे मधे बर्फ वितळून साचलेली तळी, त्यांच्यावर बदकं आणि ढग एकत्रच तरंगत असतात. तिकडे बघत राहिलं तर कुणाचंही मन निघून जाईल. आर्डिसचं जरा लवकर जायचं, इतकंच. आम्ही म्हणायचो, "आर्डिस गेली." थोड्या वेळाने ती परत यायची आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागायची.

मेच्या अखेरीस शाळा सुटते त्या दिवशी गाव जिममध्ये जमतं. सुपरिंटेंडंट वर्षभराच्या बातम्या वाचून दाखवतो आणि त्याच बातम्या फिक्या निळ्या कागदावर छापून घरोघर जातात. ते पान आर्डिस लिहायची. कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, राज्याच्या शर्यतीत कोण धावलं, बँडला कुठलं पदक आलं, हे तर त्यात असायचंच. पण त्याखाली शाळेतल्या प्रत्येक मुलाची एक एक ओळ असायची. 'डेल टॉस्ट्रूड, पहिली: डावा बूट कुठला ते आता स्वतः ओळखतो.' 'मार्ना इव्हरसन, सातवी: आजोबांच्या दफनाच्या वेळी ट्रम्पेट वाजवला आणि शेवटपर्यंत वाजवला.' 'कोडी हॉव्हलंड, दहावी: ख्रिसमसपासून कुणालाही मारलेलं नाही.' ही शेवटची ओळ कोडीच्या आईने कापून फ्रिजवर लावली. कोडीला स्वतःची मुलं झाली तरी ती तिथेच होती.

ओळ खरी हवी, एवढाच आर्डिसचा नियम. मी चौथीला शिकवायचो. एकदा एका मुलाबद्दल काही सुचेना, तर मी तिला म्हटलं, "स्वभावाने चांगला आहे, असं लिही."

"ते कुणाबद्दलही लिहिता येतं, रॉल्फ," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला कळतं, की याच्याकडे कुणी बघितलंच नाही."

मी सांगतोय त्या वर्षी आमच्याकडे नवा सुपरिंटेंडंट आला होता, केंट ब्रेकी. तरुण, नीटनेटका, मोठ्या शहरातून आलेला. शाळेत मुलं कमी होत चालली होती. शेजारच्या गावाच्या शाळेत आम्हाला मिसळून टाकायची बोलणी चालू होती आणि ती टाळायची म्हणून तो बिचारा रात्रंदिवस खपत होता. एप्रिलअखेरीला तो आर्डिसच्या काचेशी येऊन उभा राहिला. मी तिथेच झेरॉक्स काढत होतो.

"आर्डिस, यंदाचं पान राज्याच्या राजधानीतले लोकही वाचणार आहेत," तो म्हणाला. "आपली शाळा काय करून दाखवते ते त्यात दिसायला हवं. बूट ओळखणं ही कामगिरी नव्हे."

"तुम्ही ओळखायला लागलात तेव्हा घरात कुणाला आनंद झाला नव्हता?"

ब्रेकीला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "बरं, ओळी राहू देत. पण त्या मधवाल्यांच्या पोरीला वगळा. ती परवा आली, हिवाळ्याआधी जाईल. ती आपली नाहीच."

"हजेरी घेताना ती 'आहे' म्हणते," आर्डिस म्हणाली. "मग आपलीच की."

ती पोर माझ्या वर्गातली. लीथा प्रूइट. बाप मधमाश्या पाळणारा, मूळचा टेक्ससचा. हिवाळ्यात तो पेट्या घेऊन बदामाच्या बागांकडे कॅलिफोर्नियाला जायचा आणि क्लोव्हरचं गवत फुलायच्या आधी आमच्या बाजूला यायचा. पोर त्याच्याबरोबर फिरायची. आई धाकट्या बाळाला घेऊन टेक्ससलाच होती. कुठल्याही शाळेत लीथा कधी सुरुवातीला असायची, कधी शेवटाला. सबंध वर्ष तिने कुठेच काढलं नव्हतं. आमच्याकडे आली ती बाकावर डोकं टेकूनच. बोलायची नाही, भांडायची नाही, डबा खाऊन झाला की झोपायची. मी दोनचारदा उठवलं. मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून उठवायचं सोडून दिलं.

आर्डिस दुपारची वर्गात येऊन मागच्या खुर्चीवर बसायला लागली. एकदा लीथा जागी दिसली तशी तिने विचारलं, "लीथा, तुला काय चांगलं जमतं गं?"

पोरीने विचार केला. "झोपायला," ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला. लीथा हसली नाही. तिने खरं तेच सांगितलं होतं.

शनिवारी आर्डिस लिंबाच्या गोड वड्यांचा डबा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसली आणि आम्ही टॉस्ट्रूडांच्या रानात, लीथाच्या बापाला भेटायला निघालो. तळ्याकाठी विलोच्या झाडांच्या आडोशाला पांढऱ्या पेट्या मांडलेल्या होत्या. लांबून वाटावं, कुणाचं तरी बुटकं गाव आहे. ऊन मऊ होतं. कॉटनवूडच्या झाडांचा कापूस हवेत उडत होता, त्याच्यामधून माश्या ये-जा करत होत्या आणि सगळ्या रानाचाच मंद गुंजारव चालला होता. आर्डिस गाडीतून उतरली आणि 'गेली'. मी डबा धरून उभा.

लीथाचा बाप वेंडल तोंडावरची जाळी वर करून पुढे आला. वाळका, उन्हाने रापलेला माणूस. पोरगी ट्रकच्या सावलीत ताडपत्रीवर झोपली होती.

"काही केलं का तिने, मॅडम?" त्याने विचारलं.

"काहीच करत नाही, म्हणून तर आले," आर्डिस म्हणाली. "वर्गात झोपते. घरी झोपत नाही का?"

वेंडल हातमोजे काढत राहिला. मग हळू आवाजात त्याने सांगितलं. माश्या दिवसा हलवता येत नाहीत, त्या बाहेर असतात. अंधार पडला, सगळ्या घरी परतल्या, की पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि पहाटेपर्यंत दुसऱ्या रानात नेऊन मांडायच्या. मागच्या वर्षी त्याचा चालवता चालवता डोळा लागला. ट्रक खड्ड्यात गेला, पेट्या फुटल्या. कुणाला लागलं नाही. लीथा शेजारीच होती.

"तेव्हापासून ती मला झोपू देत नाही. सारखी बोलते. रस्ता संपेस्तोवर बोलते."

"ही?" मी म्हणालो. "बोलते?"

"तिचं एक गाव आहे. ट्रकच्या कडेने ते पळत असतं, म्हणते. तिथे कोण राहतं, आज काय झालं, सगळं सांगते. खऱ्या गावांतून मी फिरलो नसेन तेवढा त्या गावातून फिरलोय." त्याने पोरीकडे पाहिलं. "मी शंभरदा सांगितलं, घरी झोप म्हणून. तर ट्रकचं दार धरून उभी राहते. पण हे छापू नका, मॅडम. लोक म्हणतील, बाप पोरीला राबवतो. आणि काय खोटं म्हणतील?"

"नाही छापणार," आर्डिस म्हणाली. "पण असं चालायचं नाही, वेंडल. लहान आहे ती."

"मला ठाऊक आहे."

परतताना तळी मागे पडली, धान्याचा उंच कोठा दिसायला लागला, तेव्हा आर्डिस म्हणाली, "मी जाते."

"कुठे?"

"ट्रकमध्ये. त्याच्याशी बोलायला. पोरगी आमच्या घरी झोपेल, व्हर्ला आहेच." व्हर्ला तिची थोरली बहीण, दोघी एकत्र राहायच्या.

"व्हर्ला काय म्हणेल?"

"म्हणेल, जाड कोट घाल."

वेंडलने आधी नाहीच म्हटलं. माश्या डसतात, ट्रक आदळतो, तुमचं वय काय, असं बरंच बोलला. आर्डिस म्हणाली, "मी पाच सुपरिंटेंडंट सांभाळलेत. माश्यांचं काय घेऊन बसलायस." अडून बसली ती लीथा. आपल्याशिवाय बाप झोपेल, याची तिला खात्री होती. आर्डिस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मला रोज सकाळी विचार, काय काय बोललात म्हणून. सांगता आलं नाही तर परत तू जा."

लीथाने तिला नीट निरखलं आणि ट्रकचं दार सोडलं.

पहिल्या रात्रीनंतर पोर दुपारच्या जेवणाला शाळेत उगवली, गालावर गोधडीच्या शिवणीच्या खुणा घेऊन. आर्डिसने तिला उशिराची चिठ्ठी लिहून दिली. कारणाच्या जागी लिहिलं होतं: 'झोप'. मग असंच चालू राहिलं. माळ्यावरच्या तिरप्या छपराच्या खोलीत लीथा झोपायची. व्हर्ला सकाळी तिला पॅनकेक खाऊ घालायची आणि टेबलाशी आर्डिस, डोळे मिटत असताना, काल रात्रीचं सगळं बोलणं तिला ऐकवायची.

ती वेंडलशी काय बोलायची, ते त्यानेच मला पुढे सांगितलं. निळ्या पानावरच्या बातम्या. तिला सगळ्या वर्षांच्या ओळी तोंडपाठ होत्या आणि ओळीमागची माणसंही. कोडीने ख्रिसमसला कुणाला मारलं होतं आणि मग का थांबला, मार्ना ट्रम्पेट वाजवताना कुणाकडे बघत होती. "बाहेर दिव्यापुढचा रस्ता तेवढा दिसायचा," वेंडल म्हणाला, "आणि ती एकेका पोराला त्याच्यावर आणून उभं करायची. मला वाटायचं, ही सगळी लहान मुलं ट्रकपुढे चालताहेत. झोपतो कसला?"

ऑफिसात आर्डिस जांभया द्यायला लागली. ब्रेकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "तिची तब्येत बरी आहे ना?"

"सध्या ती रात्रपाळीला आहे," मी म्हणालो. त्याला तो विनोद वाटला.

आणि मग एका दुपारी भूगोलाच्या तासाला लीथाने हात वर केला. तोवर तिचा आवाजही आम्ही धड ऐकला नव्हता.

"मला एक गाव माहीत आहे. ते या नकाशात नाही," ती म्हणाली.

"मग सांग की," मी म्हणालो.

तिने सांगायला सुरुवात केली. ते गाव अंधार पडला की उठतं आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागतं. घरांना पाय नाहीत, ती गवतावरून घसरत येतात. मधोमध शाळा आहे, तिच्या एका दारातून नदी आत शिरते आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडते, म्हणून मुलं पाय वर घेऊन बसतात. तिथल्या दुकानात झोप बरण्यांमध्ये भरून ठेवलेली असते. ज्याला हवी त्याने न्यावी, पण ट्रक चालवणाऱ्यांना विकत नाहीत.

मुलं पुढे सरकून बसली होती. ट्रिग्वे नावाचा मुलगा, एरवी बर्फावरच्या हॉकीशिवाय दुसरं काही न बोलणारा, त्याने विचारलं, "तिथे हॉकी खेळतात?"

"नदी गोठली की वर्गातच खेळतात."

"आणि शाळा सुटते कधी?"

"सुटत नाही. मुलं मोठी होतात, मग आपोआप बाहेर असतात."

ट्रिग्वेने मान हलवली, जणू त्यालाही हे ठाऊकच होतं. त्या दिवशी भूगोल झाला नाही, दुसऱ्या दिवशीही झाला नाही. मुलं तिच्याभोवती बसून विचारत राहिली. बाहेर लायलॅकचं झुडूप फुललं होतं, त्याचा वास खिडकीतून येत होता, आणि मला स्वतःला दोनदा वाटलं की पायाखाली पाणी आहे.

शेवटच्या दिवशी जिम भरलं. नेहमीसारखी घडीच्या खुर्च्यांची खडखड, कॉफीचा वास. वेंडल मागच्या भिंतीशी टोपी हातात धरून उभा होता. ब्रेकीने शर्यत वाचली, शिष्यवृत्ती वाचली, मग ओळी. चौथीपाशी आला.

"लीथा प्रूइट," त्याने वाचलं. "हिच्या गावाला चौथीचा सगळा वर्ग जाऊन आला."

तो थांबला. त्याला वाटलं असणार, न विचारता सहल काढली की काय. "कुठलं गाव?" त्याने माईकमधूनच विचारलं.

"ट्रकशेजारून पळतं ते," ट्रिग्वे बसल्या जागेवरून म्हणाला.

चौथीतल्या सगळ्या माना एकदम डोलल्या. मोठी माणसं हसली, पण मुलं हसेनात तसं हसू विरून गेलं. ब्रेकीने कागदाकडे बघितलं, काचेआड बसणाऱ्या त्या बाईकडे बघितलं आणि ती ओळ पुन्हा एकदा, सावकाश वाचली. लीथा ताठ बसून ऐकत होती. वेंडल टोपीचा काठ फिरवत राहिला. ट्रकमधल्या रात्रींबद्दल पानावर एक अक्षर नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात प्रूइट मंडळी परत आली तेव्हा लीथाची आई आणि बाळही आलं आणि गाडी चालवायला वेंडलने आपल्या मेव्हण्याला आणलं. शाळा आम्हाला वाचवता आली नाही. आता मुलं बसने शेजारच्या गावाला जातात. तिथलं वर्षअखेरचं पान गुळगुळीत आणि रंगीत असतं. ब्रेकी तिथेच आहे आणि निळ्या पानांचा गठ्ठा त्याने कपाटात जपून ठेवलाय, असं ऐकतो.

आर्डिस निवृत्त झाली. तरीही वसंतात पेट्या हलायला लागल्या की ती अधूनमधून वेंडलच्या ट्रकमध्ये बसून जाते. त्याला आता कुणी जागं ठेवायची गरज नाही. मी तिला एकदा विचारलं, "आता कशाला जातेस?"

तिने कॉफीचा कप खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं. आर्डिस 'गेली'. मला वाटलं, आता ती काही परत यायची नाही.

"लीथा सांगते, तिच्या त्या गावात एक घर रिकामं आहे," ती म्हणाली. "ते कसं आहे, बघून ठेवते."